उजवा हात तुझा, डावा माझा

मैथू,

काल तुझ्या कॉलेजमध्ये तुझ्यासाठी शोकसभा झाली. मी जाणार नव्हते. तुझे पप्पा म्हणाले, मुलांनी एवढं ठरवलंय तर जायला हवं, म्हणून गेले. स्टेजवर तुझा फोटो होता, अकरावीच्या ओळखपत्रावरचा, ज्यात तुझं तोंड नेहमीसारखं वाकडं आहे. जो उठेल तो म्हणत होता, मैथिली लढवय्यी होती, मैथिली सदैव हसतमुख होती, मैथिली आपल्या सर्वांची प्रेरणा होती. मी पहिल्या रांगेत बसून मनात म्हणत होते, थांबा जरा, ती आत्ता उठेल आणि तुम्हाला एकेकाला खोडून काढेल. हसतमुख? तू? सकाळी उठल्यावर चहा होईपर्यंत तुझ्याशी बोलायची आमची हिंमत नसायची. आणि 'प्रेरणा' हा शब्द तर तुझ्यासमोर काढायचीच सोय नव्हती. त्या शब्दावरून काय झालं होतं ते तुला ठाऊक आहे, त्यांना बिचाऱ्यांना नाही.

शेवटी प्राचार्यांनी विचारलं, आईंना दोन शब्द बोलायचेत का. मी मान हलवून नाही म्हटलं. दोन शब्दांत आपलं कधी भागलंय, मैथू? आपलं बोलणं म्हणजे भांडण, आणि भांडण म्हणजे सकाळी डब्यापासून सुरू होऊन संध्याकाळी मी सातपूरच्या कंपनीतून परत आल्यावर जिथे सोडलं तिथून पुढे चालू. ते तिथे माईकवर कसं सांगायचं? म्हणून इथे सांगतेय, तुलाच.

पियानो घरी आला तेव्हा तू दहा वर्षांची होतीस. देवळालीतल्या एका जुन्या बंगल्यातलं सामान निघालं होतं, त्यात तो होता. भिंतीला लावून ठेवायचा, उभा, काळा, कडेचं पॉलिश उडालेलं. जिन्याच्या वळणावर तो असा अडकला की ना वर ना खाली. आप्पा आजोबांनी सायखेड्याहून द्राक्षांचे क्रेट वाहणारी माणसं पाठवली होती, ती घामाघूम झाली, आणि तू वरच्या पायरीवर उभी राहून त्यांच्यावर ओरडत होतीस, "तिरका करा! तिरका! अहो, त्याला लागेल!" पियानोला लागेल म्हणून तू रडलीस. माणसांच्या बोटांचं तुला काही नव्हतं.

पुढे आप्पा आले की थोडा वेळ तुझ्यामागे खुर्ची टाकून ऐकत बसायचे. एकदा न राहवून म्हणाले, "पोरी, लय बडवतीस गं. यात गाणं कधी येनार हाय?"

"आप्पा, हे गाणं नाहीये. हा व्यायाम चाललाय."

"मंग व्यायाम झाला की हाक मार. मी गच्चीवर हाय."

ते वाट बघून गच्चीवरच झोपले आणि तुझा व्यायाम काही संपला नाही.

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. आपल्या घरात कोणाला सूर कळत नव्हता. मी व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला. दिवसभर हातात मापं तपासायचं गेज, समोर लोखंडाचे तुकडे, पास की रिजेक्ट. पप्पांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. त्यात तू कुठून आलीस देव जाणे. शेजारच्या मुली क्लासला जाऊन दोन गाणी शिकायच्या आणि पाहुण्यांसमोर वाजवायच्या. तू पाहुणे आले की पियानोचं झाकण लावून टाकायचीस. "तयार नाहीये," म्हणायचीस. किती वर्षं ऐकलं मी ते, तयार नाहीये.

तुझी रियाजाची पद्धत उलटीच होती. जे येत नाही तिथून सुरुवात. "जे येतं ते वाजवून काय करायचं, आई? ते तर येतंच." मग ती एकच अवघड जागा, इतकी सावकाश की ऐकणाऱ्याला वाटावं हिला झोप लागली. डाव्या बाजूला शेंगदाण्यांची वाटी, उजव्या बाजूला रिकामी वाटी. एकदा बिनचूक वाजलं की एक दाणा इकडून तिकडे. चुकलं की जिंकलेले सगळे दाणे परत पहिल्या वाटीत. कधी कधी मी पोळ्या लाटताना दाणे पडल्याचा आवाज ऐकायचे आणि माझंच लाटणं थांबायचं. शेवटी उजवी वाटी भरली की ते दाणे तू खायचीस, मीठ न लावता, एकटीने, कोणाला एक न देता. "हे माझे कमावलेले आहेत."

मार्था टीचरांनी तुला डाव्या हाताच्या मागे लावलं. शरणपूरच्या त्यांच्या घरी मी तुला स्कूटीवर सोडायचे आणि व्हरांड्यात बसून राहायचे. चर्चमध्ये ऑर्गन वाजवण्यात त्यांचा जन्म गेलेला, आवाज इतका हळू की पुढे झुकून ऐकावं लागायचं. त्या म्हणाल्या, "बाळा, तुझा डावा हात उजव्याचं बोट धरून चालतोय. त्याला एकट्याला चालता आलं पाहिजे." झालं. त्या दिवसापासून आपल्या घरात नुसता डावा हात. त्यात गाणं नसायचं, गाण्याखालची जमीन असायची. पप्पा म्हणायचे, घरात ट्रक रिव्हर्स घेतोय असं वाटतं. पण मला ते हळूहळू आवडायला लागलं होतं. मी तुला कधी म्हटलं नाही. भाजी चिरताना माझा पाय त्या डाव्या हातावर हलायचा.

आणि तुला जिंकायचं होतं. हे काल कोणीच बोललं नाही. जो तो म्हणत होता, तिला संगीताची ओढ होती, साधना होती. होती ना. पण तुला जिंकायचंही होतं, आणि त्याची तुला लाज नव्हती. पुण्याच्या स्पर्धेत तू दुसरी आलीस त्या दिवशी गाडीत चाकण गेलं, मंचर गेलं, संगमनेर गेलं, तू एक अक्षर बोलली नाहीस. सिन्नरला चहाला थांबलो तेव्हा कप हातात धरून म्हणालीस, "दुसरी म्हणजे हरलेल्यांतली पहिली."

मी म्हटलं, "अगं, महाराष्ट्रभरातून मुलं आली होती. दुसरा नंबर म्हणजे काय थोडा आहे?"

"तू कंपनीत म्हणतेस का, पार्ट जवळजवळ बरोबर आहे, जाऊ दे?"

पप्पा गालातल्या गालात हसत होते. तू चहा तसाच ठेवलास आणि गाडीत जाऊन बसलीस. घरी पोचल्यावर चपला काढून थेट पियानोवर. पुढच्या वर्षीची तयारी तुझी त्या संध्याकाळी सुरू झाली. पहिल्या आलेल्याला मुंबईत वाद्यवृंदाबरोबर वाजवायला मिळायचं. तुला ते हवं होतं. "आई, माझ्यामागे सगळे व्हायोलिन असतील. कल्पना कर." मी कल्पना करायचे, माझ्या कल्पनेत तू तिथेही कोणावर तरी ओरडत असायचीस.

मग तो हात दुखायला लागला.

डावा दंड, खांद्याजवळ. कोणाला नवल वाटलं नाही. एवढं वाजवल्यावर दुखणारच. मार्था टीचर म्हणाल्या, थोडी विश्रांती घे. आपल्या डॉक्टरांनी मलम दिलं. तू शेकून घ्यायचीस आणि पुन्हा बसायचीस. माझ्या मनात पाल चुकचुकली ती एका रविवारी. तू दोन दिवस पियानोला हात लावला नव्हतास, नुसती सोफ्यावर पडून होतीस, आणि तरी तुझा चेहरा दुखण्याने पांढरा पडला होता. काम न करता दुखतंय, हे काही मला पटेना. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून एक्स-रे काढला. तो बघणारा माणूस एकदम आदराने बोलायला लागला तेव्हाच मी समजले.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं ते आपण तिघांनीही एकत्रच ऐकलं. हाडाचा कॅन्सर. या वयातल्या मुलांनाच जास्त होतो. वाजवण्यामुळे झालेला नाही, हे त्यांनी तुझ्याकडे बघून मुद्दाम सांगितलं. आधी केमो, मग ऑपरेशन, हात वाचेल की नाही ते तेव्हा ठरेल. सोमवारी भरती व्हा.

तू एकच प्रश्न विचारलास. "तीन आठवड्यांनी सुरू केलं तर चालेल?"

डॉक्टर म्हणाले, "कशासाठी?"

"माझी पुण्याची फायनल आहे."

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे. म्हणाले, "तीन आठवड्यांत काय होईल ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कदाचित काही फरक पडणार नाही. कदाचित पडेल. माझी मुलगी असती तर मी सोमवारी आणली असती."

येताना कसारा घाटात तू बोलायला लागलीस. तुझा आवाज शांत होता, त्याचीच मला भीती वाटली. "ते म्हणाले ना, कदाचित फरक पडणार नाही."

"कदाचित पडेल, असंही म्हणाले."

"आई, केमो सुरू झाल्यावर मी परत कधी दोन हातांनी वाजवेन याची खात्री आहे तुला? हात गेला तर? मला फक्त तीन आठवडे हवेत. त्यानंतर तुम्ही म्हणाल ते करीन. कुठेही भरती करा. काही बोलणार नाही."

पप्पांनी गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "वैशाली, आपण अजून एका डॉक्टरांना विचारून बघू या का? तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे."

"नाही," मी म्हणाले.

"पप्पा हो म्हणतायत."

"मी नाही म्हणतेय."

"हात माझा आहे!"

"आणि तू माझी आहेस," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले असणार, कारण बाजूने जाणाऱ्या ट्रकमधला क्लीनर वळून बघत होता. तू खिडकीकडे तोंड केलंस. इगतपुरी आली, घोटी आलं, तू खिडकीकडेच.

लोकांना वाटतं, आता मला याचा पश्चात्ताप होत असेल. तुझ्या मावशीनेही परवा हळूच विचारलं. नाही होत. आज पुन्हा तो घाट आला, पुन्हा तू तसंच विचारलंस, तरी मी नाहीच म्हणेन. वाचवायची एक फट जरी दिसत असली तरी आईने तिथे हात घालायचा असतो. आत काही नव्हतं हे नंतर कळलं. आधी कळत नसतं.

मुंबईला निघायच्या आदल्या संध्याकाळी तू स्पर्धेसाठी शिवलेला निळा ड्रेस घातलास, पियानोच्या खोलीचं दार आतून लावलंस आणि सगळा कार्यक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलास. मध्ये न थांबता. चुकलं तरी मागे न जाता. मार्था टीचर तुला भेटायला आल्या होत्या. त्या, पप्पा आणि मी बाहेर जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. टीचरांनी डोळे मिटले होते आणि त्यांची बोटं टेबलाच्या काचेवर हलत होती. संपल्यावर कोणी टाळी वाजवली नाही. तू दार उघडून बाहेर आलीस, तोवर कपडे बदललेही होतेस. म्हणालीस, "चला, बॅग भरायचीय."

स्पर्धेच्या दिवशी तुला सलाईन लावलेलं होतं. तू फोन बंद करून उशीखाली ठेवलास आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिलीस. कोण पहिलं आलं ते तू विचारलं नाहीस. मीही नाही.

हात वाचला नाही. खांद्यापासून काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर दोन दिवस तू बोलली नाहीस आणि तिसऱ्या दिवशी जे बोललीस ते ऐकून सिस्टर खोलीबाहेर गेल्या. "आई, तुला माहितीये, नुसत्या डाव्या हातासाठी लिहिलेलं केवढं संगीत आहे? ज्यांचा उजवा निकामी झाला, त्यांच्यासाठी मोठमोठ्या लोकांनी लिहून ठेवलंय. उजव्या हातासाठी जवळजवळ काहीच नाही. गेला तोही चुकीचा हात." आणि तू हसलीस. ते हसणं मला नको होतं, पण होतं ते तेच.

घरी आल्यावर कित्येक महिने पियानो बंद होता. त्यावर इस्त्रीचे कपडे साठायला लागले. मी मुद्दाम ते हलवत नव्हते. वाटायचं, तेवढाच तो झाकलेला राहील. केस परत आले, दाट आणि कुरळे, जे आधी कधीच नव्हते. पप्पा तुला गंगापूर धरणावर फिरायला न्यायचे. तू जायचीस आणि यायचीस.

एका शनिवारी मी कामावरून आले तर कपडे पलंगावर फेकलेले आणि झाकण उघडं. तू स्टुलाच्या उजव्या अर्ध्या भागावर बसली होतीस.

"हात धुऊन ये," म्हणालीस.

"जेवायला?"

"नाही. मला तुझा डावा हात हवाय."

मला वाटलं, धरायला. मी येऊन शेजारी बसले आणि हात पुढे केला. तू तो मनगटाला धरून पट्ट्यांवर नेऊन ठेवलास. "करंगळी इथे. अंगठा इथे. बाकीची बोटं वाकव. हातात संत्रं धरल्यासारखी. संत्रं, आई, पाना नाही."

माझी बोटं बेचाळीस वर्षांची. लोखंड हाताळून जाड झालेली. तुझ्या लहानपणीच्या पुस्तकातली एक साधी रचना तू काढलीस. उजव्या हाताचं तुझं, डाव्याचं माझं. मला वाटलं, गंमत आहे, पोरीचं मन रमतंय. आठवडाभरात माझी गंमत उतरली. तू माझ्यासमोर दाण्यांच्या वाट्या मांडल्यास. चुकले की सगळे दाणे परत. रडकुंडीला आले मी. "तू मोजत नाहीयेस, तू माझी वाट बघतेयस. वाट बघायची नाही. तू जमीन आहेस. जमीन कोणाची वाट बघते का?"

माझा उरलेला उजवा हात कुठे ठेवायचा हे मला कळेना. तुझी डावी बाजू माझ्या उजव्या खांद्याला चिकटलेली, तिथे जिथे हात असायला हवा होता. एकदा सहज मी तो तुझ्या पाठीमागून टाकला. तू थांबलीस. "मांडीवर ठेव. मिठी मारायची नाहीये, वाजवायचंय."

मी मांडीवर ठेवला. पण खरं सांगू? मैथू, ते महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले महिने होते. तुझा हात गेलेला, घरात औषधांचा वास, दर तपासणीआधी जागून काढलेली रात्र, आणि तरी. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मी टेबलावर बोटं आपटत बसायचे. बायका विचारायच्या, ताई, काय चाललंय? मी म्हणायचे, माझा गृहपाठ.

नाशिकमधल्या स्पर्धेत जोडीने वाजवण्याचा गट होता. तू नाव दिलंस ते मला न विचारता. "आपण जिंकणार आहोत," म्हणालीस. मी म्हटलं, अगं, मी? तू म्हणालीस, "तू चुकली नाहीस तर."

मी चुकले. मधल्या भागात एक ओळ आधीच शिरले. सभागृहात इतका अंधार आणि आपल्यावर इतका उजेड की मला पुढचं काही दिसेना. पण तू एका क्षणात उडी मारून माझ्याजवळ आलीस, जिथे मी होते तिथे, आणि आपण पुढे निघालो. बाहेर कोणाला कळलंही नसेल. संपलं तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं. बायका डोळे पुसत होत्या. मीही पुसत होते. तू दात आवळून उभी होतीस.

नंबर आला नाही. शेवटी आपलं नाव पुकारलं ते विशेष पुरस्कारासाठी. प्रेरणा पुरस्कार. तू ट्रॉफी घेतलीस, खाली उतरलीस आणि सरळ परीक्षकांच्या टेबलाशी गेलीस. मी तुझ्यामागे धावले.

"सर, मला मार्क किती?"

ते वयस्कर गृहस्थ उठून उभे राहिले. "बाळ, तुझं वाजवणं मार्कांच्या पलीकडचं आहे."

"म्हणजे किती?"

"अगं, आज तू जे करून दाखवलंस..."

"सर, लोकांनी नसलेल्या हाताला टाळ्या वाजवल्या. असलेला हात कसा वाजला ते मला कोणीच सांगत नाहीये."

ते खुर्ची ओढून बसले, चष्मा लावला आणि समोरचा कागद वाचायला लागले. तुझा उजवा हात सुरुवातीला फार मोठ्याने बोलला. शेवटची ओळ सुंदर. आईंचा डावा कमकुवत, मध्ये एका ठिकाणी घसरला. वीसपैकी साडेअकरा. "थँक यू, सर," तू म्हणालीस, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तुझा चेहरा सैल झाला. गाडीत बसल्यावर म्हणालीस, "गेलेल्या साडेआठ मार्कांमधला दीड तुझ्यामुळे गेला." पप्पा एवढे हसले की त्यांना गाडी चालू करता येईना. बऱ्याच दिवसांनी आपण तिघंही हसलो होतो.

त्यानंतरच्या तपासणीत फुप्फुसांत डाग दिसले.

ते महिने मी इथे लिहिणार नाही. तुला माहीत आहेत, आणि दुसऱ्या कोणाला कळून काय करायचंय. खोकला आला, मग तो जाईना, मग घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं आणि त्याची घरघर दिवसभर चालू राहिली. पुन्हा केमो नको, असं तू म्हणालीस आणि या वेळी मी घाटातल्यासारखं 'नाही' म्हटलं नाही. डॉक्टरांनीच मान खाली घातली होती. मार्था टीचर रोज यायच्या आणि तुझ्या खोलीपर्यंत ऐकू येईल अशा बेताने पियानोवर काहीतरी हळू वाजवायच्या. एकदा तू नाकातली नळी सावरत म्हणालीस, "टीचर, तुमचा डावा हात आळशी झालाय." त्या हसल्या आणि बाहेर जिन्यात जाऊन रडल्या.

आप्पा येऊन तुझ्या पायाशी बसायचे. जाताना मला म्हणाले, "पोरीनं एक डाव तरी आपलं आपन गाणं वाजवायला पायजे व्हतं गं." मी म्हटलं, वाजवलंय आप्पा. पूर्ण वाजवलंय. मी ऐकलंय.

मग ती शेवटची दुपार. पप्पा औषधं आणायला गेले होते. बाहेर ऊन होतं, कोणाच्या तरी घरी मिक्सर चालू होता. मी तुझ्या उशाशी बसून तुझी नखं कापत होते. तुला लांब नखं चालायची नाहीत, वाजवायचं नसलं तरी.

डोळे मिटलेलेच होते तुझे. म्हणालीस, "आई, जिंकले असते का गं मी? तेव्हा. पुण्याला."

"हो."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"डाव्या हातापुरतं कळतं."

तुझ्या ओठाची एक बाजू हलली. श्वास घेऊन, थांबून, पुन्हा श्वास घेऊन म्हणालीस, "मग सांग. दार लावून वाजवलं तेव्हा डाव्या हातात काय चुकलं?"

मी खोटं सांगितलं असतं तर तू ओळखलं असतंस. म्हणून आठवलं. टेबलाशी बसून ऐकलेलं सगळं आठवलं, आता समजून. "शेवटच्या रचनेत, जिथे डावा एकटाच राहतो ना, तिथे तू घाई केलीस. जमीन पळाली."

"थोडीशी."

"थोडीशी. बाकी काही नाही."

"आणि तरी पहिली?"

"तरी पहिली."

मला वाटलं, झोपलीस. मग म्हणालीस, "मान्य." आपल्या एवढ्या वर्षांच्या भांडणांत हा शब्द तू मला कधी दिला नव्हतास. मी कात्री खाली ठेवली.

"पण मला न्यायला हवं होतंस तू," म्हणालीस.

"नाही, मैथू."

"ते नाही मान्य."

तुझं बोट माझ्या बोटात होतं. मला तुला खूप सांगायचं होतं. घाटात मला काय दिसत होतं ते, पप्पांचंही मी का ऐकलं नाही ते, तुझा राग मला चालणार होता पण तू नसणं चालणार नव्हतं, ते. मी शब्द जुळवत होते. सुरुवात कुठून करावी ते ठरलं, तोंड उघडलं, बघते तर तुला झोप लागली होती. चेहरा शांत होता. म्हटलं, राहू दे आता. उठली की भांडू.